विश्लेषण : मालक आणि मांजर एकाच वेळी म्हातारे झाले तर?

मुले नोकरीनिमित्त परगावी गेली की अनेक घरांत ज्येष्ठांच्या सोबतीला मांजरच उरते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेले सुमारे १०.४ कोटी नागरिक होते. २०५० पर्यंत त्यांचे प्रमाण २० टक्क्यांवर जाईल, असा संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीचा अंदाज आहे. घरात वाढलेली मांजरेही आता पंधरा वर्षांच्या आसपास जगतात. त्यामुळे दोघांचेही म्हातारपण एकाच छताखाली येऊ लागले आहे.

मांजर म्हातारे कधी होते?

दहाव्या वर्षानंतर मांजर ज्येष्ठ मानले जाते. पंधरा वर्षांचे मांजर म्हणजे साधारण ७६ वर्षांची व्यक्ती. थोडक्यात, निवृत्तीच्या वेळी साठाव्या वर्षी आणलेले पिल्लू मालकाच्या पंचाहत्तरीत त्याच्याच वयाचे झालेले असते.

आजार कसा ओळखावा?

मांजर दुखणे लपवते. सांधे झिजले तरी ते सहसा लंगडत नाही. फक्त उंचावर उडी मारणे सोडते, अंग चाटणे कमी करते. पाणी जास्त पिणे हे मूत्रपिंडाच्या विकाराचे किंवा मधुमेहाचे, तर भरपूर खाऊनही वजन घटणे हे थायरॉइड बिघडल्याचे लक्षण असू शकते. ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता दर सहा महिन्यांनी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घेणे हिताचे. मालकाची नजर अधू झाली असेल, तर महिन्यातून एकदा वजन करणे हा सोपा उपाय आहे.

घरातले औषध द्यावे का?

अजिबात नाही. पॅरासिटामॉल पचवण्याची क्षमता मांजराच्या यकृतात नसते. माणसाची एक गोळीही त्याच्या जिवावर बेतू शकते.

मालकाच्या पश्चात काय?

भारतीय न्यास अधिनियम, १८८२ नुसार मालमत्ता धारण करू शकणारी व्यक्तीच लाभार्थी होऊ शकते. म्हणजे मांजराच्या नावे पैसे ठेवता येत नाहीत. मृत्युपत्रात सांभाळ करणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि त्यासाठीची रक्कम नमूद करता येते. रतन टाटा यांच्या मृत्युपत्रात त्यांच्या टिटो या श्वानाच्या देखभालीची तरतूद असल्याचे वृत्त होते. मात्र मृत्युपत्र मृत्यूनंतरच लागू होते. मालकाला अचानक रुग्णालयात दाखल करावे लागले, तर त्याच रात्री मांजराला खाऊ कोण घालणार, हे आधीच ठरलेले हवे. त्यासाठी घराची एक किल्ली आणि मांजराच्या औषधांची यादी विश्वासू शेजाऱ्याकडे असावी.