घरी शिकवा, पण शाळा सोडू नका



वर्षावासातल्या एका रविवारी विहारातले ग्रंथवाचन आटोपले. मंडळी पांगली, पण एक भगिनी पायरीवरच बसून राहिली. नवरा एमआयडीसीत कंत्राटी कामगार, ती स्वतः दोन घरचा स्वयंपाक करते. मुलगा तिसरीत. वर्गात गुरुजी सर्वांदेखत म्हणाले, "तुम्हाला काय, सगळं फुकट मिळतं." त्या दिवसापासून सकाळ झाली की पोराच्या पोटात दुखते.

"ताई, मी बारावी झालेय," ती म्हणाली. "शाळेतून नाव काढते अन् घरीच शिकवते त्याला. मी ज्यांच्याकडे कामाला जाते, त्यांचा मुलगा घरीच शिकतो. मग माझा का नको?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

पुण्या-मुंबईकडे काही कुटुंबे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात. घोकंपट्टी नको, मुलाने आपल्या ओढीने शिकावे, हा त्यांचा विचार. तो वाईट नाही. पण त्यासाठी काय लागते ते पाहा. आई किंवा बाप, एकाने पूर्ण दिवस घरी थांबावे लागते. पुस्तके, अभ्यासाला कोपरा, खेळायला सोबती, हे सगळे आपणच जमवावे लागते. मूल मोठे होईल तसे गणित, विज्ञान, इंग्रजी आपल्याला झेपेनासे होते, मग पैसे मोजून शिक्षक लावावा लागतो. आपल्या घरात एकाची मजुरी बुडाली तर चूल अर्धी होते. शिवाय शाळेतले दुपारचे जेवण, मोफत पुस्तके, शिष्यवृत्ती हे सारे पटावर नाव असलेल्या मुलालाच मिळते.

दुसरी गोष्ट कागदाची. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख असते, जातीची नोंद असते. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण त्या घ्यायच्या तर जातीचा दाखला लागतो आणि तो काढताना घरातल्यांच्या शाळेतल्या नोंदी मागतात. आजोबा शाळेतच गेले नाहीत म्हणून नातवाने कचेरीचे उंबरठे झिजवायचे, हे आपल्या वस्तीत कोणी पाहिले नाही? आज मुलाचे नाव पटावरून काढले, तर उद्या त्याच्या मुलांना कोणता कागद दाखवणार?

कायदा काय म्हणतो? २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे हे आईबापाचे कर्तव्य आहे, असे त्यात लिहिले आहे. न घातल्यास आईबापाला शिक्षा सांगितलेली नाही, पण घरच्या शिक्षणासाठी वेगळी तरतूदही नाही. घरी शिकणारी मुले बहुधा राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून परीक्षा देतात. तिथे तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या पायऱ्या आहेत आणि १४ वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येते. आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावी देता येते, पण तिथेही आधीच्या शाळेचा दाखला मागतात. दुखणाईत मूल, मध्येच शिक्षण सुटलेली मुलगी, कामाला लागलेला मुलगा यांच्यासाठी ही दारे मोठ्या उपयोगाची आहेत. ती लक्षात ठेवा.

पण अपमान झाला म्हणून शाळा सोडायची? मी त्या भगिनीला साताऱ्याची गोष्ट सांगितली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी लहानग्या भीमरावांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. बसायला गोणपाट घरून न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे. नळाला हात लावायचा नाही. शिपाई असला तर पाणी, नसला तर तहानलेलेच राहायचे. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करातल्या शाळेत शिकवलेले गृहस्थ. मुलाला घरी शिकवण्याची पात्रता त्यांच्याइतकी कोणाची होती? त्यांनी घरी शिकवलेही. पुढे परळच्या चाळीत एका खोलीत राहत असताना ते मुलाला रात्री दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवीत. पण शाळा सोडवली नाही. घर शाळेच्या जोडीला उभे केले.

त्या काळी तक्रार ऐकणारे कोणी नव्हते. आज तशी स्थिती नाही. मुलाला मारणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे याला शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. त्या समितीत आपली भगिनी आहे का, हे प्रत्येक वस्तीने विचारावे. अगदीच निभेना, तर दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत मूल घालण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकाने दाखला लगेच दिला पाहिजे, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

त्या भगिनीने अर्ज लिहिला. नवऱ्याने एक दिवसाचा खाडा केला. महिला मंडळाच्या दोघी सोबत गेल्या. अर्ज दिला आणि पोच घेतली. आठवड्याने मुलाची तुकडी बदलून मिळाली. त्या गुरुजींचे मन बदलले की नाही ते मला ठाऊक नाही. पोराचे पोट मात्र दुखायचे थांबले.

आणि तिची बारावी? ती वाया गेलेली नाही. रोज संध्याकाळी सात ते आठ ती आपल्या मुलाला घेऊन विहारात बसते. शेजारची चार पोरे येऊन बसतात. पाढे, वाचन, एक पान शुद्धलेखन. पाटी-पेन्सिलीपलीकडे खर्च नाही. तुमच्या वस्तीतही बारावी झालेली एखादी सून असेल, बी.ए. होऊन घरी बसलेला मुलगा असेल. त्यांच्याकडे एवढा एक तास मागा.

जयभीम.