रंग पुढे, साखर मागे

माणूस आधी डोळ्यांनी जेवतो आणि मग जिभेने. आपल्या आज्या-पणज्यांना हे जाहिरातवाल्यांच्या कितीतरी आधी ठाऊक होते. पिवळ्या पोह्यांवर हिरवी कोथिंबीर आणि पांढरे खोबरे पडले की पोट भरलेल्यालाही दोन घास खावेसे वाटतात.

खाद्यपदार्थांचा बाजार याच युक्तीवर चालतो. संत्री लाल जाळीच्या पिशवीत भरतात, कारण जाळीचा रंग नजरेत फळाच्या रंगाशी मिसळतो आणि हिरवट फळही पिकलेले भासते. मिठाईच्या कपाटातला पिवळा दिवाही तेच काम करतो. जाहिरातीत गडद पार्श्वभूमीवर सोनेरी वेफर्स ठेवले की ते अधिकच कुरकुरीत वाटतात.

रंगाचा पगडा किती असतो पाहा. २०११ च्या नाताळात अमेरिकेत कोका-कोलाने आपला लाल डबा पांढरा केला. आतले पेय तेच होते. तरीही काही ग्राहकांनी चव बदलल्याची तक्रार केली, तर काहींना तो बिनसाखरेच्या पेयाचा रुपेरी डबा वाटला. थोड्याच आठवड्यांत कंपनीला लाल डबे परत आणावे लागले. २००९ मध्ये मॅकडोनाल्ड्सने जर्मनीत पाट्यांच्या लाल रंगाऐवजी गर्द हिरवा रंग घेतला. पाटी हिरवी केल्याने तळलेल्या बटाट्यातले तेल कमी होत नाही, पण पाहणाऱ्याच्या मनातली शंका मात्र कमी होते.

माझा आक्षेप रंगाला नाही, लपवाछपवीला आहे. मधुमेहाचे रुग्ण मला मोठ्या विश्वासाने हिरव्या वेष्टनातली, गव्हाच्या ओंबीचे चित्र असलेली बिस्किटे दाखवतात. पुडा उलटला की पहिला घटक बऱ्याचदा मैदा निघतो आणि साखरही फार मागे नसते. पुढचे चित्र रस्त्यापलीकडून दिसते. मागचा मजकूर मात्र चकचकीत कागदावर इतका बारीक आणि फिकट असतो की चाळिशीचा चष्मा लावूनही वाचवत नाही. विकायचे ते ठळक आणि सांगणे भाग आहे ते पुसट, असा हा व्यवहार आहे.

यावर चिली देशाने २०१६ मध्ये चांगला उपाय केला. साखर, मीठ, संपृक्त चरबी किंवा उष्मांक ठरावीक मर्यादेबाहेर गेले की पुड्याच्या दर्शनी भागावर काळा अष्टकोन आणि त्यात पांढरी अक्षरे छापणे सक्तीचे झाले. वेष्टन कितीही रंगीत असो, काळा डाग दिसतोच. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ च्या मसुद्यात तारे देण्याची पद्धत सुचवली होती. मला ती पटत नाही. तारा म्हणजे शाबासकी, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असते. एक तारा मिळालेला पदार्थही काहीतरी कमावून आल्यासारखा वाटेल. धोका सांगायचा तर तो धोक्यासारखाच दिसला पाहिजे.

तोवर वाचकांनी एवढे करावे. पुडा घेण्यापूर्वी उलटून पाहावा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या तिनांत साखर किंवा तेल असेल तर तो खाऊ रोजचा नव्हे. १०० ग्रॅममागे साखर किती, तेही बघावे. ४ ग्रॅम म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, निम्म्यावर आणली तर उत्तमच. चहा, बिस्किटे, सरबत असे सगळे धरून हा हिशेब आहे.

मुले रंगाला भुलणारच. मग बिटाची कोशिंबीर, किसलेले गाजर, डाळिंबाचे दाणे पांढऱ्या दहीभाताशेजारी वाढून पाहा. ही जाहिरात घरच्या घरी होते आणि तिच्या मागे बारीक अक्षरे नसतात.