बॅक्टेरिया लिंपून सळई जाड होत नाही

परवा सोसायटीच्या मीटिंगला भन्नाट तोडगा निघाला. आमची बोळिंजची इमारत, तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात प्लॅस्टर सुटून सळया दिसताहेत. विषय होता स्ट्रक्चरल ऑडिट. तर एक काका मोबाईल पुढे करून म्हणाले, "अहो, आता बॅक्टेरियावालं काँक्रीट आलंय, भेगा आपोआप भरतात! थांबू की दोन वर्षं." सगळे खूश. ऑडिट पुढे ढकललं.

मंडळी, मी या बॅक्टेरियांचा चाहता आहे हो. बंगळुरूच्या आयआयएससीने इस्रोबरोबर २०२० साली चंद्रावरच्या मातीसारखी माती घेतली, त्यात स्पोरोसार्सिना पास्तुरी नावाचा जिवाणू, युरिया आणि गवारीचा डिंक घातला आणि विटा केल्या. जिवाणू युरिया फोडतो, त्यातून निघालेलं कार्बोनेट कॅल्शियमला धरून बसतं आणि कण एकमेकांना चिकटतात. शिंपल्यात असतो तोच पदार्थ! नेदरलँड्सच्या हेंक योंकर्सनी तर काँक्रीटमध्ये जिवाणूंचे बीजाणू आधीच घालून ठेवले. भेगेतून पाणी शिरलं की ते जागे होतात. जनुकं बदलून जिवाणूंकडून हवं तसं खनिज घडवून घ्यायचे प्रयोगही चाललेत. वाचताना मजा येते, खरंच.

पण काका, 'आधीच' हा शब्द वाचलात का? आपली इमारत ओतली तेव्हा त्यात बीजाणू नव्हते. (सिमेंट तरी पुरतं होतं का, देव जाणे.) आणि हे जिवाणू भरतात ती भेग मिलिमीटरच्या आतली. आपल्या जिन्यात बोट जातं. ती भेग सळईच्या गंजाने पडली आहे. गंज लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. अर्नाळ्याकडून येणारी खारी हवा त्याला मदतच करते. वरून चुनखडी भरून आत झिजलेली सळई पुन्हा जाड होणार आहे का? उलट भेग झाकली जाईल, आणि झाकलेली भेग कोणी बघत नाही.

२६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री, गणपतीच्या आदल्या रात्री, विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट कोसळली. १७ माणसं गेली. ती इमारत काही फार जुनी नव्हती. त्या आठवड्यात आमच्याकडे सगळे ऑडिट ऑडिट करत होते. असो.

आई रोज त्याच जिन्याने देवळात जाते. येत्या रविवारी मी सह्यांचा कागद घेऊन दारोदार फिरणार आहे. दादा, तुझ्या फ्लॅटची सही पुण्याहून कुरियरने पाठव. आणि कृपा करून मला तो बॅक्टेरियाचा व्हिडिओ पुन्हा पाठवू नकोस.