‘परीक्षेत येत नाही’ हे उत्तर नव्हे

भौतिकशास्त्र हा पदवीवाल्यांचा प्रांत, बाकीच्यांनी गुमान मोबाईल चार्ज करावा, असं मानणारे आपल्याकडे थोडे नाहीत. लातूर-नांदेडच्या शिकवणीवर्गांत याचीच धाकटी आवृत्ती ऐकू येते: हे ‘नीट’ला येत नाही, पुढे चला. लातूर पॅटर्नने साध्या घरांतली मुलं डॉक्टर केली, ते श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण हौशी माणसाचा प्रश्न फुकाचा, हे मत त्या श्रेयात बसत नाही.

पहिला आक्षेप, असे प्रश्न बाळबोध असतात. बिलोलीकडचा मोटार बसवणारा कोणताही मिस्त्री सांगेल की विहिरीच्या काठावर मोनोब्लॉक ठेवून पंचवीस फुटांच्या फार खालचं पाणी ओढता येत नाही. मोटार विहिरीत उतरवावी लागते. का? जास्त हॉर्सपॉवरची आणली तर? हा प्रश्न बाळबोध असेल तर गॅलिलिओलाही त्याच रांगेत बसवावं लागेल. त्याच्या 1638 च्या ग्रंथात एक कारागीर हेच सांगतो: पंप बिघडलेला नाही, पाणी अठरा हातांखाली गेलं आहे. पाण्याचा स्तंभ आपल्याच वजनाने तुटतो, हे गॅलिलिओचं उत्तर चुकलं. त्याच्या अखेरच्या दिवसांत सोबत असलेल्या टॉरिचेलीने 1644 मध्ये खरं कारण मांडलं. पंप पाणी ओढतच नाही. तो नळीतली हवा काढतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर रेटते. तिचा रेटा फार तर 10.3 मीटर पाणी तोलतो, त्यातही गळती आणि घर्षण वजा जातं. म्हणून हॉर्सपॉवर वाढवून उपयोग नाही. बोअरमधली सबमर्सिबल तीनशे फुटांवरून पाणी देते, कारण ती खालून ढकलते. वायुभारमापकाचा जन्म या भानगडीतून झाला, आणि तिची सुरुवात एका मिस्त्रीच्या बोलण्याने.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गणिताशिवाय विचार करणारा हौशी माणूस लवकरच ‘आइन्स्टाइन चुकला’ म्हणत हिंडू लागतो. अशी माणसं असतात, मान्य. पण ही वाट पदवी नसल्यामुळेच धरली जाते का? एक उदाहरण पाहू. मांजरा नदीचं पाणी उतरलं की येसगीजवळच्या ओल्या वाळूवर पाय दाबून पाहा. पायाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, पांढुरकी होते. दाबल्यावर पाणी वर यायला हवं, ते आत का जातं? मँचेस्टरचे प्राध्यापक ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी 1885 मध्ये याचा उलगडा केला: घट्ट बसलेले कण दाबाने सरकतात तेव्हा त्यांच्यातली पोकळी वाढते आणि पाणी तिथे शिरतं. उत्तर पक्कं होतं. पुढे याच कणांवरून त्यांनी अख्ख्या विश्वाचा सिद्धान्त रचला, 1903 मध्ये त्याचं पुस्तकही काढलं. तो टिकला नाही. म्हणजे भरकटायला पदवी आड येत नाही. खरा भेद वेगळाच आहे: प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर हवं असतं, सिद्धान्त कवटाळून बसलेल्याला ते नको असतं. (‘हे सगळं आपल्या पोथ्यांत आधीच आहे’ म्हणणारेही दुसऱ्याच गटात मोडतात.)

उरला शेवटचा बुरूज: रोजच्या गोष्टी ठीक, पण सैद्धान्तिक भौतिकीत सामान्य माणसाने काय विचारावं? नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने तिला 2600 कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरीने अशा वेधशाळेच्या चार किलोमीटरच्या दोन भुजा प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाएवढ्या ताणल्या-आखडल्या, तरी लेसरच्या प्रकाशाने ते कळतं. मग कोणीही विचारेल: जागा ताणली तर प्रकाशाची लहरही ताणली जाईल, मोजपट्टीच लांबली तर मोजायचं कशाने? हाच प्रश्न शीर्षकात घेऊन लायगोच्या कामातले पीटर सॉल्सन यांनी 1997 मध्ये भौतिकीच्या शिक्षकांसाठीच्या नियतकालिकात लेख लिहिला. उत्तर असं: लेसरमधून ताजा, न ताणलेला प्रकाश सतत येत असतो आणि मोजला जातो तो त्याला जाऊन यायला लागणारा वेळ. एका भुजेतून परतायला उशीर झाला की दोन्हींच्या लहरींचा मेळ बिघडतो, आणि तो बिघाड उपकरण टिपतं.

औंढ्याला शाळेची सहल जाईल तेव्हा मुलांनी हा प्रश्न तिथल्या शास्त्रज्ञांना खुशाल विचारावा. त्यांना तो नवा नाही.