हँडल थरथरतंय? गावी निघायच्या आत गाडी दाखवा

कॉटन ग्रीन, काळाचौकी, घोडपदेव, लालबाग इथल्या दुचाकीवाल्यांनो आणि त्यांच्या घरच्यांनो, गणपतीला गावी निघायच्या आत हे वाचा. घरात मोठ्यानं वाचून दाखवा.

तुमच्या गाडीचं हँडल ७०च्या पुढे थरथरतं का? वेग उतरवताना, ६०-५०वर येताना, हातात वळवळतं का? तसं असेल तर ती गाडी आहे तशी कोकणात नेऊ नका. मागे बायको आणि मध्ये पोर बसवून तर मुळीच नेऊ नका.

आपल्या भागात हा दोष लपून राहतो. कॉटन ग्रीन स्टेशनपासून गोदामांच्या रस्त्यानं निघा, दत्ताराम लाड मार्गानं लालबागला या. ट्रक, सिग्नल, खड्डे. काटा ४०च्या वर जातो कधी? डोक्यावरून ईस्टर्न फ्रीवे २०१३पासून वाहतोय, पण त्यावर दुचाकीला बंदी. शिवडीचा अटल सेतू २०२४मध्ये सुरू झाला, त्यावरही बंदी. ती पाळायलाच हवी. पण त्यामुळे होतं काय, की तुमची गाडी वर्षभर ३०-४०नं चालते आणि त्याच वर्षभरात रस्ते तिची हाडं खिळखिळी करतात. रिम वाकते, कोनसेट, म्हणजे हँडलचं बेरिंग, झिजतो, टायर एका अंगानं खाल्ला जातो. तुम्हाला पत्ताही लागत नाही. मग चतुर्थीच्या तोंडावर रात्री सामान बांधून तुम्ही निघता, मानखुर्द ओलांडता, पनवेल मागे टाकता, आणि गाडी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ८०चा वेग बघते. तिची परीक्षा होते ती तुमच्या अख्ख्या कुटुंबाला पाठीवर घेऊन.

म्हणून ती परीक्षा घराखालीच घ्या. गाडी मधल्या स्टँडवर लावा. कुणाला तरी मागून दाबायला सांगा, म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. आता हँडल एका बोटानं हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. अगदी मधोमध अडकल्यासारखं होतं? कोनसेट गेला. पुढच्या शॉकअपचे दोन्ही पाय खालून धरा, पुढेमागे हलवा. कट-कट लागतंय? ढिलाई आहे. चाक फिरवा आणि रिमच्या कडेकडे बघा, ती डुलते का. टायरवरून तळवा फिरवा, उंचसखल लागतो का. मग मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. तिथं खेळ असेल तर बेरिंग किंवा मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश संपलेत. चेन ताणायच्या खुणा चिमट्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या आहेत ना, तेही बघा. नसतील तर मागचं चाक तिरकं बसलंय.

हे सगळं करायला अर्धा तासही लागत नाही. करा.

असं का होतं, तेही समजून घ्या. सामानाच्या ट्रॉलीचं पुढचं चाक जोरात ढकलल्यावर कसं फडफडतं, ते तुम्ही पाहिलंय. मोटारसायकलचं पुढचं चाक धक्का बसला तर आपोआप सरळ व्हावं, अशीच त्याची रचना असते. पण सांधा ढिला असला, हवा कमी असली, की ते सरळ होता होता पलीकडे जातं, तिकडून परत अलीकडे. सेकंदाला सात-आठ हेलकावे. एका ठरावीक वेगाला ते विरत नाहीत, वाढत जातात. मग हातातली ताकद कामी येत नाही.

आणि ओझं! मागच्या कॅरिअरवर तांदळाची पिशवी, त्यावर सजावटीचं खोकं, त्यावर कपड्यांची बॅग. वजन मागच्या चाकाच्याही मागे गेलं की पुढचं चाक हलकं होतं. मग नुसतं हँडल नाही, अख्खी गाडी सापासारखी वळवळते. डिलिव्हरीची मोठी पेटी लावणाऱ्या पोरांनो, हे तुम्हालाही लागू आहे. जड सामान एसटीनं, ट्रेननं पुढे पाठवा. हँडलला पिशवी अडकवू नका. हवा थंड टायरमध्ये भरा, आणि डबलसीटला मागच्या चाकात किती हवी ते गाडीच्या पुस्तकात बघून भरा. अंदाजानं नको.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवर होती. सगळी काही हँडलमुळे गेली नाहीत. पण पेण, माणगाव, कशेडी, संगमेश्वर या वाटेवर शेजारून ट्रेलर जात असताना हँडल हातातून सुटलं तर चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही. हेल्मेट दोघांनाही हवं, मागच्या माणसालाही.

तरीही वाटेत हँडल थरथरलंच, तर एवढं लक्षात ठेवा. ब्रेक दाबू नका, त्यानं थरथर वाढते. हँडल घट्ट धरा, पण त्याच्याशी झुंजू नका. गुडघ्यांनी टाकी आवळा, अंग पुढे झुकवा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा. वेग उतरू द्या. मग कडेला थांबा आणि पुढे जाऊ नका.

मेकॅनिकभावांनो, तुमच्या हातात मोठी गोष्ट आहे. गिऱ्हाईक घाईत असतं, तरी कोनसेट नुसता आवळून देऊ नका. फाजील आवळलेला कोनसेटही गाडी सरळ चालू देत नाही. उघडून बघा, खराब असेल तर बदला, आणि चाकाचा आउट काढूनच गाडी सोडा. आमचा तुमच्यावर विश्वास आहे.

आयांनो, वहिनींनो, पोरगा हे घरी आपणहून सांगणार नाही. तुम्हीच आज रात्री जेवताना विचारा, "हँडल हलतं का रे?" तो क्षणभर जरी घुटमळला, तरी चावी ठेवून घ्या. दुरुस्तीला सहसा फार पैसे लागत नाहीत. तेवढे नसतील तर शेजारी मागा, मंडळात सांगा. आपल्या वस्तीत एवढ्यासाठी कुणी नाही म्हणणार नाही.

गाडी तपासून झाली नाही तर यंदा एसटीनं जा, कोकण रेल्वेनं जा, गर्दीत उभ्यानं जा. आणि तपासायची असेल तर निघायच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका, कारण तेव्हा गॅरेज बंद असेल आणि तुम्ही तसेच निघाल. येत्या रविवारी सकाळी गाडी मधल्या स्टँडवर घ्या.