ससा स्वस्त, सांभाळणं महाग

पेट शॉपबाहेरच्या पिंजऱ्यात पांढरे ससे दिसले की मुलं हट्ट धरतात. घरच्यांनाही वाटतं, हा भुंकत नाही, गाजरावर भागतं. या समजुतीवरच सशांची विक्री चालते आणि भोगतो तो ससा.

कायदा नाही असं नाही. केंद्राचे पेट शॉप नियम २०१८ पासून लागू आहेत. दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, पिंजऱ्यात पुरेशी जागा हवी, खरेदी-विक्रीची नोंद हवी. नियम देशभर एकच, पण नोंदणी ज्या त्या राज्याची. म्हणजे बेळगावच्या ग्राहकानं कोल्हापुरात ससा घेतला, तर दुकानाबद्दलची तक्रार महाराष्ट्राच्या मंडळाकडेच करावी लागेल. त्यात १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त ५० रुपये. एवढ्या दंडाला कोण घाबरणार?

विक्रीनंतर तर कुणाचंच लक्ष नसतं. नीट सांभाळला तर ससा ८ ते १० वर्षं जगतो. त्याचे दात जन्मभर वाढतात, ते झिजायला रोज भरपूर वाळलेलं गवत लागतं. गाजर गोड, ते थोडंच द्यायचं. उन्हाळा त्याला सोसत नाही. अर्धा दिवस खाल्लं नाही तरी ते गंभीर असतं, डॉक्टर गाठावा लागतो. ‘दोन्ही माद्याच आहेत’ म्हणून घेतलेली जोडी नर-मादी निघाली, तर महिन्याभरात पिल्लं होऊ शकतात.

मग कंटाळलेले लोक ससा रानात सोडून येतात. मराठीत दोघांनाही ससाच म्हणतात, घोटाळा तिथंच होतो. आपल्या माळरानावरचा ससा वेगळा, तो वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. दुकानातला ससा मूळचा युरोपातला, पिढ्यान्‌पिढ्या माणसानं पाळलेला. रानात सोडणं म्हणजे त्याला कुत्र्या-कोल्ह्यांच्या तोंडी देणं.

यंत्रणा हलेल तेव्हा हलेल. तोवर ग्राहकानं दुकानात तीन गोष्टी विचाराव्यात: नोंदणी प्रमाणपत्र कुठंय, पिल्लाचं वय किती, तपासणारा पशुवैद्य कोण? उत्तर टाळलं तर ससा घेऊ नये. कीव येऊन एक ससा ‘सोडवला’, तरी रिकाम्या पिंजऱ्यात दुकानदार दुसरा आणून ठेवतोच.