नाव उरले, माणूस हरवला

‘अँथनी गोन्सालविस’ हे नाव वसईपासून परभणी जिल्ह्यातील पोखर्णीपर्यंत कोठेही उच्चारा, ऐकणारा हसेल. त्याला आठवेल तो १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील, अंड्यातून बाहेर पडणारा सूटबूटवाला. त्या नावाचा खरा माणूस मात्र आपल्या धर्मग्रामांतही अनोळखी राहिला. याचा दोष चित्रपटावर ढकलता येणार नाही. संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनगुरूला वंदन म्हणून ते नाव गाण्यात आणले. शिष्याने ऋण फेडले. समाजाने काय केले?

गोन्सालविस १९२७ साली गोव्यातील माजोर्डा गावी जन्मले. वडील चर्चचे गायनमास्तर. संगीताचे पहिले धडे त्यांच्याकडेच मिळाले. चाळीसच्या दशकात ते मुंबईस आले. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत त्यांनी व्हायोलिन वाजविले, संयोजन केले, राहुलदेव बर्मन यांनाही शिकविले. १९५८ मध्ये ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभारून त्यांनी हिंदुस्थानी राग पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी बांधले. १९६५ मध्ये ते अमेरिकेस गेले, पुढे गोव्यास परतले आणि २०१२ मध्ये निवर्तले. त्या काळातील कित्येक संयोजकांप्रमाणे त्यांचेही श्रम श्रेयनामावलीबाहेरच राहिले.

कोणी म्हणेल, व्हायोलिन हा परक्यांचा वारसा. त्याचे कौतुक कशाला? पेटीही युरोपातूनच आली. आज तिच्यावाचून आपले भजन अडते. वाद्य आपले होते ते वाजविणाऱ्याच्या साधनेने. सारंग रागात कॉन्चेर्तो रचणाऱ्याची कला परकी ठरविणे हे केवळ अज्ञान होय.

दुसरा आक्षेप पोटाचा. सिंथेसायझर आला आणि स्टुडिओतील व्हायोलिनवाल्यांच्या रांगा ओस पडल्या, हे खरे. परंतु चर्च म्हणजे स्टुडिओ नव्हे. तेथे नफ्यातोट्याचा हिशेब नसताना आपण मिस्साबलीला तयार तालाचा कीबोर्ड लावतो आणि मुलांना स्वरलेखन वाचावयास शिकवीत नाही. ज्या शिकवणीतून गोन्सालविस घडले, ती शिकवणी आपल्यापैकी किती धर्मग्रामांत चालते?

वाचकहो, लग्नसमारंभात त्या गाण्यावर खुशाल नाचावे. मात्र गायनमंडळासाठी नवा कीबोर्ड घेण्यापूर्वी पालकांनी नि धर्मग्राम मंडळांनी दोन व्हायोलिने आणि आठवड्यातून एकदा येणारा शिक्षक, एवढी तरतूद करावी. ती होत नाही तोवर त्या नावावर हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.